बांधावरच्या उंदराचा खांदा

सटवाजी,

फौतीच्या रजिस्टरात तुझ्या नावापुढे मला उर्दूत एकच शब्द लिहायचा होता. मारगझीदा. म्हणजे साप चावून मेलेला. सरकारला एवढंच हवं असतं. मी तो लिहिला, खाली सही केली, टीपकागद दाबला आणि रजिस्टर मिटलं. आज त्याला सतरा दिवस झाले. शब्द खोटा नाही. पण त्या बिळात तू हात का घातलास, हे त्या रजिस्टरात कुठेच नाही. ते फक्त मला माहीत आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू असतास तर मी हे लिहिलंही नसतं, तुझ्याशी बोललो असतो. आता लिहिण्याखेरीज माझ्याकडे काही उरलेलं नाही.

आपली पहिली भेट तुला आठवत असेल. वडवणीच्या दवाखान्यात मला येऊन चारच महिने झाले होते. बाजारच्या दिवशी गाडीवरून पडलेला एक माणूस आणला होता, त्याचा उजवा खांदा निखळला होता. हैदराबादेत शिकलो तसा मी त्याचा हात ओढत होतो, कंपाउंडर त्याला मागून धरून होता, आणि तो माणूस गुरासारखा ओरडत होता. दारात माणसं जमली होती. त्या माणसांतून घोंगडीवाला एक उंच माणूस पुढे आला आणि माझ्यावरच ओरडला, "वढू नको बे! दंड फाडतो का त्याचा?"

निजाम सरकारच्या डॉक्टरला चारचौघांत ‘बे’ म्हणणारा तू पहिला आणि शेवटचा. मी इतका चिडलो होतो की तुला बाहेर काढायला सांगणार होतो. पण तू तोवर खाली बसला होतास. त्या माणसाचा कोपर हातात धरून तू त्याला विचारत होतास की गाडीला बैल कुठले होते, चौसाळ्याचे का, आणि डावा बैल मारका होता का. तो रडत रडत बैलाचं सांगत होता, आणि तू बोलता बोलता त्याचा हात हळूहळू बाहेर वळवत होतास. खट्ट आवाज झाला. खांदा बसला. त्या माणसाला ते कळायलाही एक क्षण लागला.

माणसं गेल्यावर मी तुला विचारलं, "आत काय कुठं आहे ते तुला दिसतं कसं?"

"डोळ्याला न्हाई दिसत," तू म्हणालास. "हाताला दिसतं. मेंढराचं बसवतो, तसंच मानसाचं. समदे खांदे एकच."

"सगळे एक नसतात," मी म्हणालो, आणि आतल्या खोलीत नेऊन मेणाच्या पाटीवर टाचण्यांनी ताणलेला उंदीर तुला दाखवला.

त्या उंदरापायी गावात माझ्याविषयी काय बोललं जायचं ते मला ठाऊक होतं. बामणाचा डॉक्टर आणि उंदीर फाडतो. कंपाउंडर त्या खोलीत पाऊल टाकत नसे. हैदराबादेतल्या माझ्या शिक्षकांनी निघताना सांगितलं होतं, की आपल्या मुलखातल्या उंदरांचे खांदे कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेले नाहीत. घरात राहणारा, बाभळीवर चढणारा आणि शेतात बीळ उकरणारा, तिघे एका कुळातले, पण तिघांची कामं वेगळी. वेळ मिळाला तर बघ. माझ्याकडे वेळच वेळ होता. घरची माणसं औरंगाबादला, आणि इथे संध्याकाळी बोलायला कुणी नाही.

तू नाक मुरडलं नाहीस. उकिडवा बसून, माझं भिंग बाजूला सारून, करंगळीच्या नखानं स्नायूचा एकेक पट्टा उचलत गेलास. "ह्यो उचलनारा. ह्यो पाठीकडं नेनारा. अन् ह्यो आतल्या अंगानं खाली वढनारा." मी प्रत्येकाचं लॅटिन नाव सांगितलं. तू प्रत्येक नावाला हसलास. त्या दिवसापासून आपण तुझीच नावं वापरली. माझ्या वहीत मात्र मी लॅटिन लिहीत राहिलो, आणि तुझं नाव त्या वहीत कुठेच लिहिलं नाही. तू कधी मागितलं नाहीस. मला कधी सुचलं नाही.

दोन वर्षं तू मला उंदीर आणून दिलेस. मेंढरं माळावर सोडून तू बांधाबांधानं फिरायचास. बिळाच्या तोंडाशी बसून माती ताजी आहे का शिळी ते बघायचास, आधी काठी घालायचास, मग बाजूनं खणायचास. मी एकदा विचारलं होतं, काठी कशाला. "आत कोन बसलंय त्ये आधी इचारावं लागतं," तू म्हणाला होतास.

आणि आपल्याला काय सापडलं ते! खाली ओढणारा जो पट्टा, तो खांद्याच्या पात्याच्या खालच्या कोपऱ्यातून निघून दंडाच्या हाडाला आतून चिकटतो. घरातल्या उंदरात तो वर, खांद्याजवळच चिकटलेला. बाभळीवरच्या इटुकल्या उंदरात त्याहून वर, आणि धाग्याएवढा बारीक. बांधावरच्या, बीळ उकरणाऱ्या उंदरात मात्र तो चांगला जाड, आणि चिकटलेला पार खाली, जवळजवळ दंडाच्या मध्यावर. असं का असावं हे मी तुला आकृती काढून समजावत होतो. तू उठलास, दवाखान्याच्या दाराशी गेलास, बिजागरीजवळ एक बोट टेकवून दार ढकलायला लागलास. दार हलेना. मग बोट मधे टेकवलंस आणि दार सरकलं. "येवढंच ना?" तू म्हणालास. माझी अर्ध्या तासाची आकृती मी टराटरा फाडली आणि आपण दोघं हसत सुटलो. माझ्या सबंध नोकरीत मी इतका कधी हसलो नव्हतो.

पण दार तसंच धरून तू वळलास आणि विचारलंस, "पर कावून? उपजतच त्यो खाली असतोय, का उकरून उकरून खाली सरकतो?"

"उपजत," मी म्हणालो.

"कशावरनं?"

"शास्त्र आहे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास तो तुझ्या मुलीला घेऊन. सगुणा. आठ वर्षांची, पदराएवढं फडकं खांद्यावरून घेतलेली. तिनं फडकं काढलं. डावा हात अंगाला चिकटून लोंबत होता, तळवा मागे वळलेला. हात वर कर म्हटलं तर तो छातीच्याही खाली थांबायचा.

मी तपासलं. बाळंतपणात खांदा अडकला होता का, विचारलं. तू हो म्हणालास. मी तुला सांगितलं की मानेतल्या शिरा त्या वेळी ताणल्या गेल्या, आता हे असंच राहायचं.

"कामाला लावला हात तर?"

"कामानं हात येत नसतो, सटवाजी. उगीच पोरीला छळू नकोस."

हे मी तिच्यासमोर बोललो. ती माझ्याकडे बघत होती आणि तू जमिनीकडे. निखळलेला खांदा बसवताना माणसाशी बैलांच्या गप्पा मारणारा तू, आणि पुस्तकातलं तोडून तोंडावर फेकणारा मी. मला त्या वेळी एवढंही कळलं नाही की कालचा तुझा प्रश्न उंदराचा नव्हताच. तू तिला पुन्हा फडकं गुंडाळलंस, जाताना मला रामराम केलास. रोजच्यासारखाच केलास, म्हणून मी निर्धास्त राहिलो.

मग तू दोन महिने आला नाहीस. मी निरोप पाठवले नाहीत. मला वाटलं, मेंढरं लांब गेली असतील. आलास तेव्हा उन्हानं काळा पडला होतास. बसलास, पाणी प्यालास, आणि आपला वाद कालच अर्धा राहिलाय अशा थाटात म्हणालास, "डाक्टर, तुमी म्हनता उपजत. मी म्हनतो उकरून. कळायचं कसं?"

आणि मी, सटवाजी, मी म्हणालो, "सोपं आहे. डोळे न उघडलेली पिलं आण. त्यांनी कुठं काय उकरलंय? त्यांचा पट्टा खाली असला तर मी खरा, वर असला तर तू."

तुझा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, तुला पैज आवडली.

त्या पिलांमागं पुढचे दहा महिने गेले. पहिल्या खेपेला पिलं मोठी निघाली, अंगावर लव आलेली. दुसऱ्या खेपेला बीळच रिकामं. तिसऱ्या खेपेला अगदी हवी तशी मिळाली, गुलाबी, बोटाच्या पेराएवढी, पण खणताना कुदळ लागून दोन चिरडली होती, तिसऱ्याचा खांदा तुटला होता. तू ती फडक्यातून काढून पाटीवर ठेवलीस. तू तीन दिवस माळ तुडवत होतास. मी भिंगातून बघितलं आणि म्हणालो, "अख्खी आण रे. खांदे तुटलेली मला काय कामाची?"

तू म्हणालास, "अख्खी पायजे तर हात घालूनच काढाय लागतील."

मी म्हणालो, "मग घाल की."

मी वर मान करूनही बघितलं नव्हतं. भिंगातच होतो. ते तीन शब्द त्या रजिस्टरात नाहीत.

तू आलास तो मंगळवार होता, सकाळचे नऊ वाजले असतील. ओसरीवर रोगी बसले होते. तू चालत आलास, दोन कोस. उजव्या हातात फडक्याची पुरचुंडी, आणि डाव्या दंडाला मुंडाशाची पट्टी इतकी आवळून बांधलेली, की खालचा हात निळा झाला होता. पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवलीस.

"मोजून चार हायती. अख्खी हायती," तू म्हणालास. आणि मग, "नाग हुता आत. पिलं खायलाच आलता बगा त्यो बी."

"काठी?" मी विचारलं. आता विचारून काय उपयोग होता!

"काठीनं पिलं मरत्यात."

मी नस्तरानं जखम उघडली, लाल औषध चोळलं, जे जे शिकलो होतो ते सगळं केलं. तू शांत होतास. मला म्हणालास, तुमी बसा जरा. गाडी का केली नाहीस म्हणून मी तुझ्यावर ओरडलो. तू म्हणालास, गाडी जुपस्तोवर आलो असतो की. मग तुझ्या पापण्या जड झाल्या. तू त्या बोटांनी उचलून माझ्याकडे बघायचास. "सगुनाला..." तू म्हणालास, आणि पुढे जीभ वळेना. दोनदा तू पुन्हा सुरुवात केलीस. "सगुनाला..." मी कान तुझ्या तोंडाशी नेला. नुसता श्वास होता. तो शब्द कुठला होता, सटवाजी? सांभाळा? सांगा? दाखवा? मी रोज एकेक लावून बघतो. एकही बसत नाही.

श्वास थांबत आला तेव्हा मी तुझ्या उशाशी गुडघे टेकले आणि तुझे दोन्ही हात धरून डोक्यावर नेले, खाली आणून छातीवर दाबले. पुन्हा वर, पुन्हा खाली. असं करत राहिलं की हवा आत-बाहेर होते, कधी कधी विष उतरेपर्यंत माणूस तगतो, असं मी वाचलं होतं. दुपार होईपर्यंत मी ते करत होतो. कंपाउंडर आळीपाळीनं करायला पुढे आला, मी त्याला हात लावू दिला नाही. तुझ्या दंडाखाली सरकणारा एकेक पट्टा मला हाताला कळत होता. उचलणारा. पाठीकडे नेणारा. खाली ओढणारा. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझ्यासारखं हाताला दिसत होतं, आणि त्यातलं काहीच आता आपलं आपण हलत नव्हतं.

गिरजाबाई आल्या. तुझी बायको मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. त्यांनी पायाशी बसून तुझ्या पावलांना हात लावला. मग म्हणाल्या, "बास करा आता. त्यायचं अंग थंड पडलंय." तेव्हा मला कळलं.

पिलं मी स्पिरिटच्या बाटलीत टाकली ती तशीच फडताळात ठेवली. पंधरा दिवस त्या फडताळाकडे पाठ करून बसलो. परवा मात्र मनात आलं, की ती फेकून दिली, तर तू कशासाठी गेलास याला काही उत्तरच उरणार नाही. काल दार लावून घेतलं आणि चारही उघडली. शेजारी घरउंदराची पिलं ठेवली, दवाखान्याच्या छपरात सापडलेली. अख्खा दिवस लागला.

पट्टा खाली आहे, सटवाजी. चारही पिलांत. डोळे न उघडलेल्या, नख न फुटलेल्या पिलांत तो दंडाच्या हाडावर खालीच चिकटलेला आहे, आणि घरउंदराच्या पिलांत वर. म्हणजे मी खरा ठरलो. मी जिंकलो. जिंकून त्या खोलीत एकटा बसलो, आणि लहान मुलासारखा रडलो, कारण ज्याला चिडवायचं तो नव्हता.

पण तुला आणखी एक सांगायला हवं. पट्ट्याची जागा वेगळी होती, जाडी वेगळी नव्हती. बिळातल्याचा आणि छपरातल्याचा, दोन्ही पट्टे सारखेच बारीक, केसाएवढे. बांधावरच्या मोठ्या उंदरात जो जाडजूड पट्टा आपण पाहिला होता, तो या पिलांत नव्हता. तो नंतर येत असणार. वाढीनं येतो का उकरून येतो? एका घरट्यातल्या चार पिलांवरून मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मला तू खरा ठरायला हवा होतास म्हणून मला तसं दिसलं, असंही असेल. मी पुन्हा पुन्हा भिंग पुसून बघितलं. वहीत जसं दिसलं तसं लिहिलं आणि खाली, पहिल्यांदाच, लिहिलं: पिलं आणणारा आणि हा प्रश्न विचारणारा, सटवाजी धनगर. हैदराबादेला वही जाईल ती या ओळीसकट जाईल. फार उशीर झाला, हे मला माहीत आहे.

आज सकाळी मी तुझ्या वस्तीवर गेलो. दोन कोस चालतच गेलो. तू तो रस्ता दंड बांधून, विष अंगात घेऊन आला होतास; मला धडधाकट असून मधे दोनदा बसावं लागलं. गिरजाबाई मेंढरांच्या वाड्यापाशी होत्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. वाद, पैज, ‘मग घाल की’. म्हटलं, त्यांनी मला हाकलून द्यावं. त्यांनी तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "तुमच्यासाठी गेलते व्हय त्ये? पोरीसाठी गेलते. म्हनायचे, डाक्टरला येकदा दाखवून देतो, मंग त्यो बी हात लावंल तिला."

मी विचारलं, काय दाखवून देणार होता?

त्यांनी सगुणाला हाक मारली. ती आली, आणि आईनं सांगितल्यावर तिनं डावा हात उचलला. सावकाश, दात आवळून. छाती ओलांडून तो वर आला. हनुवटीपाशी येऊन थरथरला, आणि तिथे थांबला.

वर्षभर. रोज पहाटे, मेंढरं सोडण्याआधी. मी छळ म्हणालो होतो ते काम तू वर्षभर करत होतास, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस. मी हसेन म्हणून? का मी माझ्या शास्त्रानं पुन्हा तिच्यासमोर काही तोडून बोलेन म्हणून? पिलांचा निकाल हातात आल्याशिवाय तू तिला माझ्यापुढे आणणार नव्हतास. मला निकाल हवा होता वहीसाठी. तुला हवा होता तिला पुन्हा माझ्या दारात आणायला.

"आबा गेल्यापून केलं न्हाई," सगुणा म्हणाली. "आयला येत न्हाई."

मी म्हणालो, मी करतो. ती माझ्याकडे तशीच बघत राहिली, जशी मागे बघत होती. मग पाठ करून बसली. मी तिचा कोपर धरला आणि पुस्तकात दाखवतात तसा हात वर नेऊ लागलो.

"तसं न्हाई," ती म्हणाली.

तिनं चांगला हात मागं आणला, माझी दोन बोटं चाचपून धरली आणि आपल्या पात्याच्या खालच्या टोकाशी नेऊन टेकवली. तिथं कातडीला किंचित घट्टा पडला होता. बोटांच्या रुंदीचाच.

"हितं धरायचं," ती म्हणाली. "अन् मी म्हनस्तोवर काढायची न्हाई."

मी धरून बसलो, सटवाजी. तिनं हात उचलायला सुरुवात केली.